चालत्या मशिनची ऑपरेटिंग सिस्टिम बदलावी का?

षड्जपंचम
आधी मत, मग कारणं. ज्या स्टुडिओत रोजचं काम चालतं, तिथल्या मुख्य संगणकावर जून ते डिसेंबर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालूच नये. पुण्यात आषाढीचे अभंग, गणपतीची गाणी, एकांकिकांचं पार्श्वसंगीत, दिवाळी पहाटचे ट्रॅक अशी कामं एकामागून एक येतात. मधे सलग चार दिवस मोकळे मिळत नाहीत आणि अपग्रेड बिघडलं तर ते निस्तरायला चार दिवस सहज जातात.

‘आमचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालतं’ असं कंपनी लिहिते ते साखळीतल्या एका कडीबद्दल असतं. साउंड कार्डचा ड्रायव्हर (कार्ड आणि सिस्टिमला जोडणारा प्रोग्रॅम), आयलॉकसारखा लायसन्स तपासणारा प्रोग्रॅम, लॉजिक किंवा क्यूबेससारखं रेकॉर्डिंगचं मुख्य सॉफ्टवेअर, त्यातले प्लगइन (वाद्यांचे आणि इफेक्टचे जोड-प्रोग्रॅम), सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले स्वर) वाजवणारा प्लेअर, ही सगळी वेगळ्या कंपन्यांची आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. यातला सगळ्यात मागे राहिलेला जो असेल, त्याची तारीख ती आपली तारीख.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकची कॅटलिना सिस्टिम आली तेव्हा जुन्या ३२-बिट पद्धतीचे प्रोग्रॅम आणि प्लगइन एका रात्रीत बंद झाले. त्यांना पूल बांधून चालवायची सोयही उरली नाही. मोहावी ही ३२-बिट चालवणारी शेवटची मॅक सिस्टिम. अनेक जुने सिंथ (कृत्रिम आवाजाची वाद्यं) आणि रिव्हर्ब (आवाज घुमवणारे इफेक्ट) असे होते की बनवणाऱ्यांनी ६४-बिटचं रूप कधी काढलंच नाही. त्या प्रोजेक्टमध्ये आज ट्रॅक दिसतो, आवाज येत नाही.

बफर_१२८
कॅटलिनाचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ३२-बिटचा इशारा मॅकवर २०१८ पासून प्रोग्रॅम उघडताना समोर येत होता. ज्यांनी त्या काळात एकेक प्लगइन बदलून घेतला त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते गोठून बसलेल्यांचं, कारण त्यांना पाच वर्षांचे बदल एका दिवसात करावे लागले.

मशिन गोठवलं तरी बाहेरचं जग गोठत नाही. क्यूबेसचं यूएसबी डोंगलमधलं (पेन ड्राइव्हसारख्या किल्लीतलं) जुनं लायसन्स घ्या. ते सांभाळणारी ई-लायसेन्सर सेवा २० मे २०२५ ला बंद झाली. डोंगलमध्ये असलेलं लायसन्स डोंगल जिवंत आहे तोवर चालेल, पण डोंगल तुटलं तर ते दुसरीकडे हलवता येणार नाही. ‘चालतंय ना, कशाला हात लावा’ म्हणणाऱ्याचं सगळं काम आता नखाएवढ्या प्लास्टिकवर उभं आहे.

विंडोज १० चंही तेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला मोफत आधार संपला, घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर ते मशिन इंटरनेटला जोडणं धोक्याचं आणि न जोडावं तर लायसन्स तपासणी अडते. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एक पायरी चढावी. लहान पायरीला खर्चही लहान येतो.

नाट्यध्वनी
दोघेही स्टुडिओपुरतं बोलताय. भरत नाट्य मंदिरात विंगेत बसून लॅपटॉपवरून संगीत सोडणाऱ्याला हा प्रश्नच पडू नये. त्या लॅपटॉपवर स्पर्धेच्या महिनाभर आधीपासून काहीही बदलायचं नाही, आपोआप होणारी अपडेट बंद. मॅकवर सॉफ्टवेअर अपडेटच्या सेटिंगमध्ये डाउनलोड आणि इन्स्टॉल दोन्हींची बटणं बंद करा, एकच बंद करून भागत नाही. विंडोज ११ मध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. प्रयोगाची तारीख त्या पाच आठवड्यांच्या आत बसवून मग ‘पॉज’ दाबा, आधीच दाबलंत तर मुदत नेमकी तालमीत संपते.

षड्जपंचम
@बफर_१२८, जानेवारीत पायरी चढायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती जुनी सिस्टिम पुसून चढण्याला. मॅकवर सध्याच्या सिस्टिमला धक्का न लावता नवी सिस्टिम शेजारी टाकून पाहता येते. डिस्क युटिलिटीत त्याच एपीएफएस कंटेनरमध्ये (मॅकच्या डिस्कवरच्या सामायिक जागेत) नवा व्हॉल्यूम जोडायचा, नवा इन्स्टॉलर चालवताना तो व्हॉल्यूम निवडायचा. जागा दोघांत वाटली जाते, वेगळं पार्टिशन करावं लागत नाही. सिस्टिम, मुख्य सॉफ्टवेअर आणि मोजके प्लगइन यांच्यासाठी १०० जीबी मोकळे ठेवा, सॅम्पल लायब्ररी बाहेरच्या एसएसडीवरूनच वाचू द्या.

तिथे नवं रिकामं प्रोजेक्ट उघडून ‘चालतंय’ म्हणू नका. सगळ्यात जड असं जुनं प्रोजेक्ट घ्या, त्याची प्रत करा, ती उघडा. ४८ किलोहर्ट्झवर बफर (एका वेळी हाताळायच्या आवाजाच्या नमुन्यांची संख्या) १२८ ठेवला की एका बाजूचा उशीर साधारण २.७ मिलिसेकंद होतो, गायकाला हेडफोनमध्ये तो जाणवत नाही. जुन्या सिस्टिमवर १२८ ला स्वच्छ वाजणारं प्रोजेक्ट नव्यावर २५६ ला न्यावं लागत असेल तर ड्रायव्हर अजून पिकलेला नाही. थांबा.

रेकॉर्डिंगही करून पाहाच. अपग्रेडनंतर मायक्रोफोनची परवानगी पुन्हा मागितली जाऊ शकते, ती खिडकी चुकून बंद केली तर मीटर सपाट राहतो आणि चूक कुठेच दाखवली जात नाही. लोक केबल, माइक, फँटम पॉवर (माइकला केबलमधून मिळणारी वीज) तपासत बसतात. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन, इथे आपल्या सॉफ्टवेअरपुढची खूण आधी बघा.

सारंगपट्टी
अ‍ॅपलच्या एम चिपवाल्यांसाठी एक भर, कारण निम्मा गोंधळ तिथे आहे. जुन्या मॅकमधल्या इंटेल चिपसाठी बनलेले प्लगइन रोझेटा ही मॅकमधली सोय भाषांतर करून चालवते, पण नियम प्रत्येक सॉफ्टवेअरचा वेगळा. लॉजिक नव्या चिपवर चालत असतानाही इंटेलचे ऑडिओ युनिट (मॅकच्या जातीचे प्लगइन) वेगळ्या प्रक्रियेत उघडू शकतं. एबलटनच्या लाइव्ह या सॉफ्टवेअरला तसं जमत नाही. तिथे एकतर प्लगइन नव्या चिपचा हवा, नाहीतर अ‍ॅप्लिकेशनच्या ‘गेट इन्फो’मध्ये ‘ओपन यूझिंग रोझेटा’वर खूण करून अख्खं सॉफ्टवेअरच रोझेटात उघडायचं. क्यूबेस नव्या चिपवर थेट चालवलंत तर व्हीएसटी २ या जुन्या जातीचे प्लगइन दिसणारच नाहीत, फक्त व्हीएसटी ३. आणि एकाच प्लगइनची ही दोन रूपं प्रोजेक्टच्या लेखी अनेकदा दोन वेगळी वाद्यं असतात. व्हीएसटी २ ने साठवलेली सेटिंग व्हीएसटी ३ मध्ये आपोआप येतीलच असं नाही. म्हणून जुन्या सिस्टिमवर असतानाच प्रत्येक वाद्याचा प्रीसेट (त्याच्या सेटिंगची फाइल) नावानिशी सेव्ह करून ठेवायचा.

रोझेटाही कायमची नाही. मॅकओएस २७ पर्यंतच ती पूर्ण स्वरूपात मिळेल असं अ‍ॅपलने जाहीर केलंय. म्हणजे @षड्जपंचम, तुमच्या ‘थांबा’ला शेवटची तारीख आहे. इंटेलपुरते उरलेले प्लगइन कोणते, याची यादी आत्ताच करा आणि त्यांना पर्याय शोधा.

पेठेतला_विंडोज
विंडोजवर शेजारी व्हॉल्यूम टाकायची इतकी सोपी सोय नाही, पण डिस्कची पूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढता येते. त्यासाठी क्लोनझिला हा प्रोग्रॅम फुकट आहे. पेन ड्राइव्हवरून सुरू करा, सी ड्राइव्ह असलेली अख्खी डिस्क बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती प्रतिमा तपासून घ्या. अपग्रेड मागे घेणाऱ्या ‘गो बॅक’च्या भरवशावर राहू नका, ते बटण १० दिवसच असतं. शिवाय डिस्क क्लीनअपमध्ये मागच्या विंडोजच्या फाइल उडवल्या की त्याआधीच जातं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ही अट चुकवून सिस्टिम घालायच्या युक्त्या सगळीकडे फिरतायत, कामाच्या मशिनवर त्या वापरू नका. पुढचं मोठं अपडेट मिळेल याची हमी नसते.

अपग्रेडनंतर साउंड कार्ड दिसेनासं झालं तर विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे जाऊन ‘मेमरी इंटेग्रिटी’ पाहा. ती चालू असली की जुने ड्रायव्हर लोड होत नाहीत. ती बंद करणं हा आजच्या रात्रीपुरता उपाय, नवा ड्रायव्हर हाच खरा. आवाजात टकटक येत असेल तर लेटन्सीमॉन हा तपासणीचा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा, कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवतोय ते नावासह दिसतं. पुष्कळदा दोषी वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर निघतो, आणि लोक उगाच साउंड कार्ड विकायला काढतात. तपकीर गल्लीतून आणलेला विनापॉवरचा यूएसबी हबही आधी मधून काढा.

बफर_१२८
मला वाटतं आपण चुकीची गोष्ट जपतोय. सिस्टिम जपण्यापेक्षा गाणं जपा. काम संपलं की प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत एकाच लांबीची २४-बिट वेव्ह (साधी आवाजाची फाइल) करून काढा. ४८ किलोहर्ट्झला मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो. पाच मिनिटांचं गाणं आणि ४० ट्रॅक म्हणजे सुमारे १.७ जीबी. आजच्या डिस्कच्या भावात हे काहीच नाही. मग कुठलीही सिस्टिम येवो, वेव्ह उघडेल.

सारंगपट्टी
वेव्ह काढावेतच, पण आपल्या संगीतात तेवढ्याने भागत नाही. वर्षभराने तेच गाणं दुसऱ्या गायिकेसाठी काळी एकवरून काळी चारला न्यायची वेळ येते. साडेतीन सूर ताणलेली पेटी आणि तबला ऐकवत नाहीत. तबल्याची चाट ताणली की पातळ होते आणि पेटीचा भाता श्वास कोंडल्यासारखा लागतो. पट्टी बदलायची तर मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजला याची नोंद), टेम्पोचा नकाशा, वाद्याचं नाव, आवृत्ती आणि प्रीसेट हवेत. तबला खरा वाजवलेला असेल तर तो पुन्हा वाजवूनच घ्यावा लागेल, पण सॅम्पलची पेटी, तानपुरा, स्ट्रिंग्ज मिडीवरून तासाभरात नव्या पट्टीत येतात. प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये साधी टेक्स्ट फाइल ठेवा: पट्टी, टेम्पो, ताल, सॅम्पल रेट, वापरलेले प्लगइन त्यांच्या आवृत्तीसह. आणि इन्स्टॉलर. कंपनीच्या साइटवर जुना इन्स्टॉलर कायम राहत नाही.

षड्जपंचम
@सारंगपट्टी, पट्टीचा मुद्दा पटला, मी फक्त वेव्ह आणि प्रीसेट धरून चाललो होतो. तरी हंगामात हात लावू नये यावर ठाम आहे. जानेवारीत शेजारी व्हॉल्यूम, फेब्रुवारीत जुनी प्रोजेक्टं उघडून तपासणी, सगळं जमलं तर मार्चमध्ये बदल. जुना व्हॉल्यूम गणपती होईपर्यंत पुसायचा नाही.

मुळामुठा_ऑडिओ
एक थेट प्रश्न. आठ इनपुटचं, फायरवायर या जुन्या जोडणीचं साउंड कार्ड, थंडरबोल्टच्या अ‍ॅडॉप्टरने एम चिपच्या मॅकला जोडलेलं. प्रीअ‍ॅम्प (माइकचा आवाज वाढवणारे भाग) उत्तम आहेत. मॅकची टाहो सिस्टिम घालू का?

सारंगपट्टी
नको. टाहोमधून फायरवायरचा आधारच काढलाय, कुठलाही अ‍ॅडॉप्टर तो परत आणू शकत नाही. टाहोच्या आधीच्या सिकोयावरच राहा, सुरक्षा अपडेट येतायत तोवर. कार्डाला एडॅट ऑप्टिकल आउट (अनेक चॅनल एकाच प्रकाश-केबलने देणारी जोडणी) असेल आणि ते संगणकाशिवाय स्वतंत्र चालत असेल, तर प्रीअ‍ॅम्प फेकायची गरज नाही. एडॅट इनपुट असलेलं साधं यूएसबी कार्ड घ्या, जुनं कार्ड ऑप्टिकल केबलने त्याला जोडा, ४८ किलोहर्ट्झला आठही चॅनल आत येतील. क्लॉक (दोन्ही कार्डांची वेळ जुळवणारं घड्याळ) जुन्या कार्डाचं ठेवा आणि नव्यावर क्लॉक सोर्स एडॅट करा, नाहीतर दर काही सेकंदांनी टिक ऐकू येईल. स्वतंत्र चालण्याची सेटिंग मात्र जुन्या कार्डात सिकोयावर असतानाच साठवून घ्या, कारण ती बदलणारा कंट्रोल पॅनेल टाहोवर त्या कार्डाशी बोलूच शकणार नाही.