चिठ्ठी असली तरी
दादा, "भांगेच्या औषधासाठी वैद्याची चिठ्ठी खिशात असली की गाडी चालवताना पोलीस काही करू शकत नाहीत" हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं. चिठ्ठी औषध बाळगण्यापुरती. नशेत गाडी चालवण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ वेगळं: दारूला १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची रेघ आहे, अमली पदार्थाला तसा आकडाच नाही, गाडीवर ताबा ठेवता येत होता का, हे बघतात. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आकडा ठरवणंही सोपं नाही म्हणा, टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशा आणणारं द्रव्य, चरबीत साठतं आणि नशा उतरल्यावरही अंगात सापडतं.

आमचे काका गुडघ्यांसाठी रात्री विजयेची, म्हणजे भांगेच्या पानाची, गोळी घेतात. लातूरहून पहाटे नांदेडला निघायचं असलं की स्टेअरिंग माझ्याकडे. कुरकुरतात, पण बसतात बाजूला.