मदत हवी आहे : आजीच्या ओव्यांच्या कॅसेटला बुरशी लागली आहे

अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची अखेरपर्यंत शुश्रूषा करताना आमची आजी त्यांना जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवीत असे. त्या ओव्यांची एकमेव कॅसेट तिच्या वर्षश्राद्धाला सर्वांना ऐकवावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. परंतु ठाण्याच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरली आहे. कॅसेट 90 मिनिटांची, म्हणजे 60 मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ फितीची असल्यामुळे ती तुटेल या भीतीने अद्याप वाजवलेली नाही. कवच स्क्रूचे असल्याने उघडता येईल. नौपाड्यातील दुकानदार केवळ सुस्थितीतील कॅसेट संगणकावर उतरवून देतात. खर्चाची अडचण नाही, मात्र कॅसेट कुरिअरने पाठवण्याचे धाडस होत नाही. ठाणे किंवा नवी मुंबईत बुरशी काढून ध्वनिमुद्रण उतरवून देणारे कोणी आहे का, आणि नसल्यास घरी फीत कशाने पुसावी?