शब्दचर्चा : व्यतिरेक, आणि ओळीचा दुसरा अर्धा भाग

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'उपमेय (जिची तुलना करायची ती गोष्ट) उपमानापेक्षा (जिच्याशी तुलना करायची तिच्यापेक्षा) श्रेष्ठ' एवढ्यावर व्यतिरेक अलंकार उरकलाय. मग अतिशयोक्तीपासून तो वेगळा कसा काढायचा? आणि 'व्यतिरिक्त'शी त्याचं काही नातं आहे का?

— नातं आहे. दोन्ही 'रिच्' धातूवरून आलेत. रिक्त आणि अतिरेक हेही त्याच घरातले. अतिशयोक्तीत नुसतं फुगवून सांगितलं तरी भागतं, शेजारी कोणी नसलं तरी चालतं. व्यतिरेकाला प्रतिस्पर्धी लागतोच, तोही तालेवार. शिळ्या ताकाहून गोड म्हटलं तर कोण खूश होणार? म्हणून अमृत, चंद्र, कमळ यांनाच दर वेळी हरावं लागतं, बिचारे.

पुस्तकातलं उदाहरण नामदेवांचं असेल: 'अमृताहुनी गोड नाम तुझें देवा'. तिथेच थांबतात सगळे. पुढचा चरण आहे 'मन माझें केशवा कां बा नेघे'. नेघे म्हणजे घेत नाही. आता पहिला चरण परत वाचा. ती देवाची स्तुती आहेच, पण तिचा भार स्वतःच्या मनावर पडतोय. नाम जितकं गोड, तितकं ते न घेणारं मन करंटं. साखरेएवढं गोड म्हटलं असतं तर तक्रारीला एवढी धार आली नसती.

— यात ज्ञानेश्वरीची भर घालतो. सहाव्या अध्यायातली ओवी सभा-संमेलनांच्या फलकांवर असते:

'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंहि पैजां जिंके । ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन ॥'

फलकावर बहुधा पहिले दोन चरणच असतात, त्यामुळे मराठी अमृताला जिंकते अशी फुशारकी वाटते. वाक्याचं क्रियापद शेवटी आहे: मेळवीन. म्हणजे जिंकतील अशी अक्षरं मी जुळवीन. ही कारागिराने दिलेली हमी आहे. भाषा आपोआप जिंकेल असं ज्ञानेश्वर कुठे म्हणतात? 'परि'सुद्धा बघा: बोल मराठीच आहेत खरे, पण...

प्रश्नकर्ता : म्हणजे 'कौतुकें'चा अर्थ कौतुक करण्यासारखे बोल असा नाही?

— नाही. इथे सहज, लीलेने. आणि 'रसिकें' हे अक्षरांचं विशेषण, रसाळ या अर्थी. श्रोत्यांना उद्देशून नव्हे. आजच्या अर्थाने वाचलं की दोन्हीकडे पाय घसरतो.

मला त्यात 'पैजां' फार आवडतं. नामदेव गुण नावानिशी सांगतात, 'गोड'. इथे या चरणात गुणाचं नाव नाही, थेट सामना लावलाय. आणि ती चढाओढ पुढे थांबत नाही: 'ऐका रसाळपणाचिया लोभा । कीं श्रवणींचि होति जिभा । बोले इंद्रियां लागे कळंभा । एकमेकां ॥' रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतात आणि इंद्रियांत कळंभा, म्हणजे भांडण, जुंपतं. शब्द हा खरा कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा रस आमचा! परीक्षेत याला चेतनगुणोक्ती (माणसासारखं वागताना दाखवणं) लिहिलंत तर चालेल, पण आधी अमृताशी पैज झाली नसती तर जिभेला कानाच्या घरात घुसायचं कारणच नव्हतं.

— गद्यातही हा अलंकार रोज भेटतो, फक्त उलट्या अंगाने. 'तिच्या जिभेपुढे लवंगी मिरची गोड.' वरचढ ठरवून बदनामी. कथेत एखाद्या सासूबद्दल असं वाक्य आलं की ते कोण बोललंय ते आधी बघावं. सुनेच्या तोंडी तो वैताग असतो, शेजारणीच्या तोंडी बहुतेक करमणूक.

प्रश्नकर्ता : मग '-हून', 'पेक्षा', 'पुढे' दिसलं की व्यतिरेक, एवढं धरून चालू?

— तेवढ्यावर खूण करू नका, पर्यायांत हटकून सापळा असतो. 'ताई दादाहून उंच आहे' यात नुसतं माप आहे, अलंकार नाही. 'ताई ताडाहून उंच' म्हणालात तर मात्र व्यतिरेक, आणि तिच्यासमोर म्हणालात तर पाठीत धपाटाही.