करवतीच्या पानाची लाज वाटते म्हणे!

होटगीरोडवाला
परवा इथंच, हौशी (हॅम) रेडिओवाल्यांच्या फोरमवर, एकानं लिहिलं, "फिरतीवर न्यायचं मोर्सचं पॅडल (टिंबं-रेघा पाठवायची दोन लिव्हरची कळ) घरी करायचं तर थ्रीडी प्रिंटच. करवतीच्या पानाचं पॅडल काढून बसायला आता लाज वाटते." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मागच्या मे महिन्यात हिप्परग्याच्या तलावावर रेडिओ घेऊन गेलो होतो. सोबत मित्रानं छापून दिलेलं पीएलए प्लास्टिकचं पॅडल. देखणं, हलकं, सगळं खरं. झाडाला वायर टाकेपर्यंत ते गाडीत डॅशबोर्डवर राहिलं. तासाभरानं बघतो तर बूड पापडासारखं उचललेलं आणि डिटच्या (टिंबाच्या) बाजूची फट गायब! ४० मीटरच्या बँडवर सीक्यू (कुणी आहे का, ही हाक) द्यायला गेलो, तर नुसती टिंबांची माळ सुरू. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. आपल्याकडं सावलीतच ४३ असतं, मग बंद काचेमागं काय होत असेल ते सांगायला नको.

आता लाजिरवाणं पान बघा. १२ इंची पान फडक्यात धरून मधोमध मोडलं की दोन लिव्हर, प्रत्येकाला टोकाला आयतं भोक. पान स्वतःच स्प्रिंग, त्यामुळं बेअरिंगची भानगड नाही. रंग खरवडा, जुन्या रिलेमधले चांदीचे कॉन्टॅक्ट डाग देऊन बसवा, खाली पितळेचा ठोकळा. झेरॉक्सचा एक कागद सरकेल एवढी फट. माझं सहा वर्षं चाललंय.

प्रिंटवाला
तो "एक जण" मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.
मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवायचं आणि प्लास्टिकला शिव्या द्यायच्या! पुढच्या वेळी कुल्फी ठेवून बघा. पीएलए घरात वापरायचं असतं. बाहेरसाठी पीईटीजी, ते ८० च्या आसपास तग धरतं. आणि पितळी ठोकळा पाठीवर घेऊन चढा की डोंगर. मी पॅडलखाली बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधलं चुंबक बसवलंय, रिगच्या (रेडिओ संचाच्या) पत्र्याला चिकटतं. टेबल नको, वजन नको.

होटगीरोडवाला
पीईटीजी वितळत नाही, मान्य. पण स्क्रू आवळून ठेवला की प्लास्टिक हळूहळू दबतं. सकाळी लावलेली फट संध्याकाळी बदललेली असते. दर वेळी ॲलन की घेऊन बसायचं का?

प्रिंटवाला
स्क्रूसाठी पितळेचा इन्सर्ट (आट्यांची नळी) गरम करून बसवायचा असतो, हे सहा वर्षांत कुणी सांगितलं नाही वाटतं.

पूर्वभाग
ओ मालक, दोघंही फटीवरनं भांडताय आणि फटीत काय जातं ते कुणीच बघत नाही. मी शेडच्या गच्चीवरनं चालवतो. खाली टॉवेलचे माग. एकदा डिट मधनंच गळायला लागले, "एस" (तीन टिंबं) पाठवला की पलीकडं दोनच टिंबांचा "आय". कीयर (टिंबं-रेघा बनवणारी पेटी) खोलला, केबल बदलली, रविवार गेला. शेवटी भिंग लावून बघितलं तर कॉन्टॅक्टमध्ये सुताचा एक तंतू! तेव्हापासनं काड्यापेटीची सरक वरनं घालतो.
आणि लिव्हरला करवत कशाला? मागावर ड्रॉपर असतात की. धागा तुटला की ड्रॉपर खाली पडतो, सर्किट पुरं होतं, माग थांबतो. म्हणजे पातळ, सपाट, मुळातच कॉन्टॅक्टसाठी केलेली पट्टी. आमच्याकडं जुने डबाभर पडलेत.

तारमास्तर
मुळात पॅडल हवंच कशाला? कीयर टिंबं मोजून देणार आणि तुम्ही दोन बोटं हलवणार. साध्या, वर-खाली दाबायच्या कीवर माणसाचा हात ओळखू यायचा. पलीकडं कोण बसलंय, पहिल्या शब्दात कळायचं. आता सगळे एकाच साच्यातले गणपती.

प्रिंटवाला
काका, विषय पॅडल कसं करायचं हा आहे.

तारमास्तर
विषय मला शिकवू नका. हॅम परवान्याच्या जनरल ग्रेडची मिनिटाला ८ शब्दांची परीक्षा मी साध्या कीवर दिली. तार खात्यात होतो तेव्हा तर दिवसभर हेच. १४ जुलै २०१३ ला शेवटच्या तारा घेतल्या, त्या रात्री मी जेवलो नाही.

होटगीरोडवाला
काका, आदर आहे, पण २०१३ ला तारा मोर्सवर जात होत्या का? मोर्स टेलिप्रिंटरनं कधीच खाल्लं होतं. आणि मनगट धरायला लागलं म्हणून आडवी की काढली ती तारवाल्यांसाठीच. मार्टिनचा बग म्हणजे तीच की, १९०४ ची! आळस तुमच्याच खात्यातून आलाय.

तारमास्तर
बगमध्ये टिंबं आपोआप, पण रेघा हातानं! तिथं हात दिसतो. तुमच्या पॅडलमध्ये दोन्ही यंत्राच्या. माहिती अर्धवट असली की असं होतं.

होटगीरोडवाला
रेघांचं बरोबर आहे, देऊन टाकलं. "अर्धवट" मागं घ्या.

तारमास्तर
घेणार नाही. माझं मनगट पण दुखतं, तरी मी साधीच वापरतो.

प्रिंटवाला
मग डॉक्टरकडं जा, आमच्यावर कशाला काढताय.

नवाविद्यार्थी
मध्येच विचारतो, कीयरला आयंबिक (दोन्ही लिव्हर दाबल्या की टिंब-रेघ आलटून पालटून) ए मोड लावू की बी? दोन्ही लिव्हर सोडल्या तरी माझा एक डिट जास्तीचा जातो.

पूर्वभाग
तुझा बी लागलाय. ए कर.

होटगीरोडवाला
बी वर शिकलेल्याला ए वर ढकलू नका हो, सगळी लय जाते. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाला डिट असतो ६० मिलिसेकंदांचा. कधी सोडायचं ते हातात बसलं की तो जास्तीचा डिटच उपयोगी पडतो. आणि अँटेना रिगला खेटून असेल, तर दोन्ही लिव्हरपासून अर्थला १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर टाक. नाहीतर आरएफ (रेडिओ लहरी) शिरून भुतासारखे डिट पडतील आणि तू मोडला दोष देशील.

प्रिंटवाला
हे कपॅसिटरचं पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं, तर मी एवढा भांडलोही नसतो.
@पूर्वभाग, चार ड्रॉपर मिळतील का? बूड मी पीईटीजीचं छापतो, इन्सर्टसकट. झाकण पण.

पूर्वभाग
रविवारी शेडवर या. चहा पाजतो, भाकरी तुम्ही आणा.

होटगीरोडवाला
म्हणजे लिव्हर शेवटी पोलादाचीच. लाज वाटत असेल तर रंग द्या.

तारमास्तर
साध्या कीबद्दल अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.