मदत हवी आहे : पावसात कार्डं करतोय, मीठ वाळेना आणि रंग तरंगेना

वडगावची सून:
नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला राहते. सासऱ्यांचा माग जिथं होता त्या सोप्यात आता दर रविवारी गल्लीतली ११ पोरं जमतात. शिक्षक दिनाला, म्हणजे ५ सप्टेंबरला, आपापल्या बाईंना-सरांना हाताने केलेलं कार्ड द्यायचंय. हिशोब केला तर ४० कार्डं होतात. कुणाची शाळा मराठी, कुणाची कन्नड, कुणाची इंग्लिश, त्यामुळे मजकूरही तीन भाषांत. मला साधा आंबा काढता येत नाही, म्हणून रंगांनीच आपापलं काहीतरी करावं असे प्रकार निवडले. आणि तिथंच घोडं पेंड खातंय.

आधी हवा सांगते. बेळगावचा ऑगस्ट ठाऊक असेल त्यांनी पुढचं वाक्य सोडलं तरी चालेल. धो धो पाऊस नाही, पण दिवसभर रिपरिप, कपडे तीन-तीन दिवस दोरीवर, आणि कार्डशीट दुकानातून आणली तेव्हाच पापड सादळल्यासारखी.

पहिला प्रयोग मिठाचा. पोस्टर कलर पातळ करून फासला, वर मीठ भुरभुरलं. चांदण्या उमटतात म्हणे. आमच्याकडे सकाळपर्यंत मिठालाच पाणी सुटलं आणि कागदावर चिकट चिखल उरला.

दुसरा, फुगे. वाटीत शाई, पाणी, भांड्याचं लिक्विड, त्यात नळीने फुंकायचं आणि वर आलेल्या फेसावर कागद टेकवायचा. गोल गोल सुंदर उमटले, पण इतके फिके की उजेडात धरावं लागतं. शिवाय एका छोट्या बहाद्दराने फुंकायच्या ऐवजी ओढलं! गुळण्या करून घेतल्या, बरा आहे, पण त्याच्या आईच्या नजरेतून मी उतरले.

तिसरा, पाण्यावरचे रंग. ऑइल कलरमध्ये टर्पेंटाइन घालून परातीतल्या पाण्यावर सोडला. अर्धा तळाला गेला, उरलेल्याचा काळा गोळा. वासाने सासूबाई बाहेर आल्या, "काय करुलालीस गं, घर रंगवूलालीस काय?"

चौथं दुखणं सगळ्यात मोठं. रंगवलेल्या कागदावर बोरूने लिहायला गेलं की शाई फुटते. 'धन्यवाद'च्या 'ध'चा ढग होतो.

कुणी केलंय का हे? महागडं सामान सुचवू नका, पोरांची वर्गणी माणशी ३० रुपये आहे.

शाईफेक:
ताई, मिठात चूक नाही, रंगात आहे. पोस्टर कलर गढूळ आणि दाट, तो कागदावर बसला की हलत नाही. डबीत सुक्या वड्या असतात ते साधे जलरंग घ्या. मीठ टाकायची वेळही ठरलेली असते. कागदावर पाणी साचलेलं असताना टाकलं तर ते नुसतं विरघळतं, सुकल्यावर टाकलं तर काहीच होत नाही. कागद तिरपा धरून बघा. ओली चकाकी जायला लागली पण गेलेली नाही, तेवढ्यात टाकायचं. प्रत्येक खडा आजूबाजूचं पाणी ओढतो, रंग सरकतो आणि चांदणी उमटते. जाडं मीठ घ्या आणि आधी तव्यावर कोरडं भाजून गार करा. पूर्ण वाळल्यावरच झाडायचं. घाई करून केस वाळवायचं यंत्र फिरवलंत तर चांदण्या उमटायच्या आधीच रंग सुकेल.

तरीही खरं सांगू? या हवेत मिठाचा नाद सोडा. ओल्या जलरंगावर कापसाच्या काडीने सर्जिकल स्पिरिटचे थेंब टाका. थेंब पडतो तिथून रंग मागे पळतो, माशाच्या डोळ्यासारखं गोल उमटतं आणि लगेच दिसतं, सकाळची वाट बघावी लागत नाही. फक्त जवळ गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको. स्पिरिट पेट घेतं.

निपाणीचा मामा:
फुग्यांचं मी सांगतो, माझ्या भाच्यांनी एक सुट्टी यातच घालवली. तुम्ही पाणी जास्त घालताय. दोन चमचे रंग, एक चमचा भांड्याचं लिक्विड, एक चमचा पाणी, बास. शाईपेक्षा इथं तुमचा तो पोस्टर कलरच बरा, गडद येतो. फेस वाटीच्या काठावर आला की कागद वरून हळूच टेकवायचा, दाबायचा नाही. दाबला की वाटीचाच गोल उमटतो. आणि नळीला वरच्या टोकापासून दोन बोटं खाली सुईने भोक पाडा. फुंकलं तर खाली जातं, ओढलं तर तोंडात हवा येते, साबण नाही. त्या बहाद्दराच्या आईला दाखवून पाडा.

विजापूरवाली:
पाण्यावरच्या रंगांना आपल्याकडे अब्री म्हणत. फारसीत अब्र म्हणजे ढग. आदिलशाही विजापुरात सतराव्या शतकात या ढगाळ कागदावर चित्रं केलेली आहेत. हडकुळा घोडा आणि त्यावरचा स्वार, सगळं अंग असल्या नागमोडी रेषांनी भरलेलं. जगभरच्या संग्रहालयांत ती आहेत. सांगायचं कारण म्हणजे त्याला टर्पेंटाइन लागत नसे. पाणीच दाट करत.

मेथीदाणे रात्रभर भिजवा आणि फडक्यातून गाळा. ते बुळबुळीत पाणी पसरट ताटात ओता. ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून वर थेंब सोडा. बुडाला तर रंगात साबणाचा एकच थेंब घाला, दोन नाहीत. मग काडीने, जुन्या फणीने रेषा ओढा. नुसत्या पाण्यावर रंग धावत सुटतो, मेथीच्या पाण्यावर जिथं ओढाल तिथं थांबतो. मग कागद वर टेकवून उचलायचा आणि धुवायचा. पण त्या कागदाला आधी तुरटी हवी. एक ग्लास कोमट पाण्यात चमचाभर पूड विरघळवून स्पंजने पुसून घ्या आणि वाळू द्या. तुरटी नसली तर धुताना सगळी नक्षी वाहून जाते. दोन कागदांच्या मध्ये वर्तमानपत्राची पट्टी पाण्यावरून फिरवा, उरलेला रंग निघतो.

शाईफेक:
मेथीचं हे नवीन कळलं. मी शेव्हिंग फोम वापरतो. ताटात पसरायचा, वर थेंब टाकायचे, काडी फिरवायची, कागद दाबायचा, उचलायचा आणि फोम फूटपट्टीने खरवडून टाकायचा. मजा येते, पण ४० कार्डांना फोमचे डबे किती लागतील ते बघा. ३० रुपयांत बसणार नाही.

अक्षरांचं मात्र सरळ आहे. रंगावर लिहूच नका, आधी लिहा. पांढऱ्या तेलखडूने कागदावर दाबून 'धन्यवाद' लिहायचं, दिसत नाही, आणि वरून पातळ जलरंग फिरवला की अक्षर उघडं पडतं. पोरं किंचाळतात.

वडगावची सून:
मेणबत्तीने करून बघितलं होतं हो. मराठी जमतं, शिरोरेघ ओढली की बाकीचं लटकतं. पण 'धन्यवादगळु' कन्नडमध्ये लिहायचं म्हणजे सगळी वळणं, मेणबत्ती घसरतेच. तेलखडू आणते.

हळदीकुंकू काकू:
अगं पोरी, एवढं सामान कशाला. हळद पाण्यात कालवून कागदाला फास आणि वाळव. मग खायचा सोडा पाण्यात घालून काडीने लिही, अक्षर लाल उठतं. कुंकू असंच होतं, हळदीला चुना लागला की लाल. चुन्याने रंग जास्त चढतो, पण पोरांच्या हातात चुना देऊ नकोस, डोळ्यात गेला तर केवढ्याला पडेल. उन्हात हळद उडते, तेव्हा कार्डाच्या आतल्या बाजूला कर.

वडगावची सून:
रविवारचा वृत्तांत. ४० पैकी ३३ कार्डं झाली.

मीठ सोडलं. स्पिरिटचे थेंब मी स्वतः टाकले, पोरांना फक्त रंग फासायला दिला. भोक पाडलेल्या नळीने फुगे झकास, आणि पोस्टर कलरचेच गडद आले, मामा. मेथीचं पाणी पहिल्यांदा फारच पातळ झालं, दुसऱ्यांदा दाणे दुप्पट घेतले तेव्हा लाट थांबली. निळ्यावर पांढरा ओढला तो कागद मी कुणाला देणार नाही, फ्रेम करणार आहे. घरभर मेथीचा वास. सासूबाईंनी विचारलं, भाकरी टाकू काय? ओले कागद वाकडे झालेच. वाळल्यावर इस्त्रीखाली, मध्ये सुती फडकं घालून, सरळ झाले. कागद आणखी जाड घेतला असता तर तेही कमी झालं असतं.

काकू, हळदीची कार्डं सगळ्यात आवडली, पण एक घोटाळा झालाय. पोरं मेथीच्या ताटावरून उठून हात धुवायला गेली, कपड्याच्या साबणाची वडी घासून तसेच ओले हात घेऊन हळदीवर बसली. आठ कार्डांवर लाल बोटं उमटलीत. पुसता येतात का?

हळदीकुंकू काकू:
लिंबू. साबणाने लाल झालेलं आंबटाने परत पिवळं होतं. कापसाने टिप, चोळू नकोस.

वडगावची सून:
लिंबू लावलं. बोटं गेली. शेजारच्या 'धन्यवाद'मधला 'ध' पण गेला. आता त्या बाईंना 'न्यवाद' जाणार, नाहीतर सोडा पुन्हा कालवते.