माकडतापावर संशोधन हवं, पण आधी कशावर?

बागायतदार_दोडामार्ग
ग्रामसभेत ठरलंय की माकडतापाबद्दल कसलं संशोधन हवं ते तालुक्याच्या बैठकीत लेखी द्यायचं. लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय (अक्षर चांगलं असल्याची शिक्षा). सगळे म्हणतात, 'लस द्या' एवढं लिही आणि मोकळा हो. मला ते पुरत नाही.

गोचिडीच्या चाव्यातून येणारा हा ताप २०१६ पासून आमच्या तालुक्यात आहे. डिसेंबर ते मे बारक्या गोचिडी जोरात असतात आणि फेब्रुवारीपासून आम्ही काजूत वाकलेले. बी पाचोळ्यात पडते, ती हातानंच वेचायची. गोचीड चावू नये म्हणून पायाला तेल चोळतो, पण घामापुढे ते किती टिकणार? मोहोरावर ढेकण्या ही कीड येते म्हणून लॅम्बडा सायहॅलोथ्रीन हे कीटकनाशक मारतो, त्यातलं थोडं खाली ठिबकतंच. त्यानं पाचोळ्यातली गोचीड मरते का, हे कुणी तपासलंय? कृषीवाले झाडाकडे बघतात, आरोग्यवाले माणसाकडे. पाचोळा कुणाच्याच खात्यात नाही.

पहिला मुद्दा कोणता लिहू?

सत्तरीकर
लसच. २०१५ मध्ये आमच्याकडे गोव्यात हा ताप आला तेव्हा काजूत राबणारी माणसंच आडवी झाली. शंभरातले तीन ते पाच दगावतात. पाचोळ्याचं नंतर बघा.

लॅबवाली_पुणे
सत्तरीकर, लस होती. कर्नाटकात १९९० पासून द्यायचे. दोन मात्रांनंतर संरक्षण साधारण ६२ टक्के, बूस्टरनंतर ८३ च्या आसपास, आणि बूस्टरला माणसं यायची नाहीत. पुढे ती बंद झाली. नव्या लसीवर आयसीएमआरचं (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) काम चालू आहे, ग्रामसभेच्या अर्जानं त्याला वेग येणार नाही.

गावानं मागावं असं दुसरंच आहे. १९५७ मध्ये शिमोग्याजवळ क्यासनूरच्या जंगलात आधी माकडं मेली, मग माणसं आजारी पडली. म्हणजे पहिली खबर माकडच देतं. पण मेलेलं माकड उशिरा कळलं तर नमुना कुजून जातो. खबर त्याच दिवशी पोचेल अशी व्यवस्था कशी बसवायची, हासुद्धा संशोधनाचाच विषय आहे. माणसाचंही तेच, विषाणू शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांतच कामाची.

गुरांचा_डॉक्टर (निवृत्त, सावंतवाडी)
गुरं या तापानं आजारी पडत नाहीत, म्हणून ती कुणाच्या यादीत नसतात. पण मोठी गोचीड पोट भरते ती गाई-म्हशींवर, मग खाली उतरून हजारोंनी अंडी घालते, त्यातूनच पुढे पाचोळ्यातल्या बारक्या गोचिडी होतात. हे सगळं पावसाळ्यात. आपण गोचीडनाशक घेऊन धावतो कधी? जानेवारीत, पेशंट सापडल्यावर!

मला हवंय ते असं: एका वाडीतल्या सगळ्या चरणाऱ्या गुरांना जून ते सप्टेंबर औषध द्या, शेजारच्या वाडीत नेहमीसारखं चालू द्या. मग डिसेंबरपासून दोन्हीकडे पाचोळ्यावरून पांढरं फडकं ओढून त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजा. खर्च फार नाही, चिकाटी मात्र हवी.

बागायतदार_दोडामार्ग
फडक्याचं पटलं, त्यातच माझा फवारणीचा प्रश्नही सुटेल: फवारलेली बाग आणि न फवारलेली. मग पहिला मुद्दा गुरं आणि पाचोळा, दुसरा माकडाची खबर, तिसरी लस. सत्तरीकर, राग नसावा.

डॉक्टर, अडचण एकच. वाडीतली सगळी गुरं म्हणजे सगळी घरं आली. एक घर नाही म्हणालं तर?

गुरांचा_डॉक्टर
नाही म्हणतात ते दुधामुळे. काही औषधांनंतर दूध बरेच दिवस विकता येत नाही. ते आधी सांगितलं नाही तर पहिल्या आठवड्यातच भांडण. दुभत्या जनावरांना कोणतं औषध चालेल ते अर्जात वेगळं विचारा, आणि भाकड गुरांपासून सुरुवात करा. तुमच्या वाडीत दुभती किती ते कळवा.

सत्तरीकर
राग नाही. पण लस तिसरी लिहिलीत तरी ठळक अक्षरात लिहा.