टोकियोहून कामाकुरा एका दिवसात, आईला घेऊन जमेल का?

प्रश्न (बडोदा): जूनमध्ये आईला घेऊन टोकियोला चाललोय, एक दिवस कामाकुराला ठेवलाय. तिचे गुडघे दुखतात, झेपेल का?

उत्तर: झेपेल हो. टोकियो स्टेशनवरून योकोसुका लाईन धरा, तासाभरात कामाकुरा, मग एनोदेनची छोटी गाडी पकडून हासेला उतरा, तिथून कामाकुराची प्रसिद्ध मोठी बुद्धमूर्ती दहा मिनिटं चालत. १२५२ मध्ये घडवायला घेतलेली ब्राँझची मूर्ती, ११ मीटरच्या वर, आणि छप्परच नाही, उघड्या आभाळाखाली बसलेत! मूर्ती आतून पोकळ आहे, आत शिरलो तर ओतीव थरांचे जोड अगदी डोळ्यांसमोर.

उत्तर (इंदूर): तिथल्या हासेदेरा मंदिरात जूनमध्ये हायड्रेंजिया फुललेला असतो, पण पायऱ्या आहेत, काकूंना खाली तळ्यापाशीच बसवा.

प्रश्नकर्ता: थँक्यू दादा! आई इथे बडोद्यात सुरसागर तलावातल्या महादेवासमोर तासभर बसते, बुद्धासमोरही बसेल.